परिशिष्ट सात

अर्जात आधी शहर मोजायचं होतं:
क्षेत्रफळ, लोकसंख्या, केंद्रं, गाड्या,
मंजूर पदं, भरलेली पदं.
या शेवटच्या दोन आकड्यांमधल्या खड्ड्यात
एक अख्खी रात्रपाळी मावेल,
हे लिहायला रकाना नव्हता.

बिडवे साहेब म्हणाले, "बाई, अनुदान हवंय असं म्हणायचं नाही.
खर्च कमी करायचाय, त्यासाठी खर्च हवाय, असं म्हणा."
चहा बशीत सांडला. त्यांनी हाताला आला तो कागद घेऊन टिपला.
कागद निघाला पोलीस बंदोबस्ताच्या बिलाचा.

ते बिल दरवर्षी येतं.
अतिक्रमण पाडायला जेसीबी आपला,
त्याच्याभोवती उभे राहणारे शिपाई त्यांचे,
माणशी, तासाशी दर लावून.
मागच्या खेपेला कात्रजकडे
सत्तेचाळीस शिपाई, नऊ महिला शिपाई,
एका रसवंतीगृहाला वेढा घालून साडेसहा तास.
रसवंतीवाल्याने शेवटचा रस त्यांनाच पाजला, आलं-लिंबू घालून.
त्याचं बिल कुणी लावलं नाही.

मी लिहिलं:
आधी जाऊन बोलणारी दोन माणसं नेमली
तर उभी राहणारी छप्पन्न लागणार नाहीत.
साहेबांनी ते खोडून 'समुपदेशन घटक' केलं.
बरं दिसतं, म्हणाले.

परिशिष्ट सात. अपेक्षित बचत, रुपयांत.

जिना उतरून तांडेल खळदकरांकडे गेले.
ते होज वाळत घालत होते,
अजगर झोपवावा तसे, घडी न मोडता.
"टिंबर मार्केटातल्या वखारींची वायरिंग बदलली
तर तुमच्या किती फेऱ्या वाचतील?"
"न लागलेली आग," ते म्हणाले, "कुठल्या वहीत लिहू?"

लागलेल्यांची वही मात्र दाखवली.
संक्रांत: घारी, मांजात, सतरा.
लिफ्ट: दोन माणसं, एक पूजेचं ताट.
विहीर: म्हैस. पुढे कुणीतरी पेन्सिलीने 'जिवंत'.
पर्वती पायथा: गॅसची नळी, उंदराने कुरतडलेली,
नळीची किंमत एकशे नव्वद,
आणि त्याच्या पुढचा रकाना
त्यांनी बोलता बोलता तळव्याने झाकला.

वर येऊन मी एकशे नव्वदला बारा हजार घरांनी गुणलं.
बावीस लाख ऐंशी हजार.
तीनदा गुणलं. तेवढेच.

प्रस्ताव गेला. एकोणीस दिवसांत परत आला,
लाल शाईत:
'मनुष्यबळात कपात दर्शविलेली नाही. खुलासा करावा.'

कपात?
ती तर चालूच आहे, निवृत्तीच्या हारांनी,
नारळ, शाल, ग्रुप फोटो,
आणि दुसऱ्या दिवशी रिकामा हूक, ज्यावर कुणाचंच हेल्मेट नाही.
मे महिन्यात खळदकर जातील.
त्यांना बचतीत धरू का, साहेब?
साहेब खिडकीबाहेर बघत राहिले.
मग म्हणाले, "धरा. पण नाव नका घालू."

चार बेचाळीसला घंटा झाली.
जिन्यावर बूट, मग बूट, मग फाटक,
लक्ष्मी रोडच्या गर्दीत विरत जाणारा सायरन.
मी सवयीने वेळ टिपली.
पाच वाजेपर्यंत खुलासा पाठवायचा होता,
पाच वाजले, सर्व्हर बंद होता, आणि मला
पहिल्यांदाच त्याचं बरं वाटलं.

साडेपाचला गाडी परत.
"काय होतं?"
"काही नव्हतं. गच्चीवर हुरडा भाजत होते.
समोरच्या बिल्डिंगला धूर दिसला."
डिझेल अकरा लिटर, मी लिहून घेतलं.
खळदकरांनी खिशात हात घातला,
आणि टेबलावर दुसरी जागा नव्हती म्हणून
मूठभर दाणे परिशिष्ट सातवर ठेवले,
बरोबर त्या कोऱ्या रकान्यात.
हिरवे. थोडे करपलेले.
अजून कोमट होते.